दयानंदच्या फोनातला भुंगा

"मेकॅनिक कशाला? मी काय मेलो का?" दयानंद हातातला टेस्टर नाचवत म्हणाला. "विष्णुपुरीला इंजिनिअरिंग केलंय म्हटलं!"

केलं होतं, त्यात खोटं काही नाही. पण सिव्हिल!

दयानंदचं लातुरात नळ-पाइपांचं दुकान. आज अकरा वाजता पाण्याच्या मोटारींच्या कंपनीचे साहेब फोन करणार होते. साहेबांना पसंत पडलं, तर सगळ्या भागाची एजन्सी दयानंदला! दोन वर्षं चकरा मारल्या, तेव्हा कुठं हा योग आला होता. फोन दुकानाच्याच लँडलाइनवर येणार होता, कारण दुकान खरंच आहे का हे साहेबांना बघायचं होतं. आणि नेमका आज सकाळपासून फोनात भुंगा शिरला. गुंऽऽऽ! पलीकडचा माणूस बोलतोय की पाण्यात बुडतोय, काही कळेना.

सव्वादहाला मोहीम निघाली. मागं गोदामातल्या, त्याच लाइनच्या फोनवर बायको ऋतुजा, पुढं काउंटरवर दयानंद.

"ट्यूब बंद केली. गेला का?"

"न्हाई."

"पंखा केला. आता?"

"हायच की!"

"इन्व्हर्टर?"

"अहो, वाढला वाटतंय!"

फोन सोडून दुकानातली झाडून सगळी बटणं बंद झाली, तरी भुंगा जागचा हलेना. मग संशय शेजाऱ्यांवर गेला. वीरेशचं झेरॉक्स बंद करायला लावलं. महादेवीबाईंची पिकोची मशीन थांबवली.

"साडी अर्धीच राहिली की हो!" त्या ओरडल्या.

"एजन्सी मिळू द्या, पेढे देतो!"

समोरच्या रसवंतीचा चरकसुद्धा थांबला. सगळी गल्ली ठप्प आणि भुंगा मजेत!

अकराला दहा कमी असताना ऋतुजा फोनवर हळूच म्हणाली, "अहो, बोलू का एक? आठ दिवसांनी नळ आलाय. सासूबाई वर मोटार लावून बसल्यात."

मोटारीची वायर आणि फोनची वायर, दोन्ही दयानंदनं स्वतःच एका पाइपातून वर नेल्या होत्या. पाइप विकणाऱ्यानं पाइप वाचवला होता!

आता तुम्ही म्हणाल, मोटार आधी कशी सुचली नाही? अहो, कशी सुचणार? त्या गल्लीत मोटार कुणाकडंच नव्हती. म्हणजे घरटी एक होती, पण नळाला मोटार लावलेली दिसली की पालिकेवाले उचलून नेतात. म्हणून नव्हती!

"आई, मोटार बंद कर!" तो जिन्यातून ओरडला.

"हळू बोल की!" वरून तुळजाबाई कडाडल्या. "मोटार मोटार काय करायलास? टाकी काय तुझा साहेब भरून देणाराय?"

आईपुढं दयानंदची लहानपणापासून मात्रा चालली नव्हती. घड्याळात दोन मिनिटं उरली. त्याला घाम फुटला, आणि घामाबरोबर अक्कलही! तो रस्त्यावर येऊन बोंबलला, "पालिकेवाले आले रेऽऽ! मोटारी जप्त करायलेत!"

खट्! खट्! खट्! गल्लीभर बटणं पडली. तुळजाबाईंनी तर मोटारीवर गोधडीच टाकली. फोनातला भुंगा मेला.

आणि घंटी वाजली! दयानंदनं आनंदाच्या भरात फोन स्पीकरवरच टाकला.

"वा, आवाज अगदी स्वच्छ येतोय!" साहेब खूश झाले. तेवढ्यात मोटारी झाकूनपाकून सगळी गल्ली दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, धापा टाकत, साळसूद चेहऱ्यानं. "बरं दयानंदराव, एकच विचारतो. तुमच्या गल्लीत किती घरांत मोटारी आहेत?"

पालिकेचाच साहेब! गल्लीनं ओळखलं.

दयानंदनं तोंड उघडायच्या आत वीरेश ओरडला, "एकही न्हाई साहेब!"

"देवाशपथ न्हाई!" महादेवीबाई म्हणाल्या.

"मोटार म्हंजे काय असतंय, ते बी ठाऊक न्हाई आम्हाला!" जिन्यातून तुळजाबाईंनी ठणकावलं.

"अरे बापरे," साहेब म्हणाले. "मग एजन्सी घेऊन विकणार कुणाला?"

लाइन इतकी स्वच्छ होती, की साहेबांनी फोन ठेवला तो खट्ट आवाजसुद्धा अख्ख्या गल्लीला ऐकू आला.