पराडकरकाकांचा ‘प’

पराडकरकाका पेरूला पेरू म्हणत नसत. बाजारात टोपली घेऊन बसलेल्या विचुंबे गावच्या बाईसमोर उकिडवे बसून ते ओठ घट्ट मिटत, जरा दम धरत आणि मग विचारत, “प्सिडिउम कसे दिले?”

ती बाई थंडपणे म्हणायची, “पेरू हायत हे, दादा. तुमचं ते आमच्याकडं नाय.”

काका मुकाट्याने अर्धा डझन पेरू घेऊन घरी यायचे. एवढ्याने नाराज होणाऱ्यांतला हा माणूस नव्हता. उद्या पुन्हा प्सिडिउमच मागणार.

पनवेलला खाडीच्या बाजूला जंगल खात्याचा लाकडांचा डेपो होता, तिथे ते कारकून होते. मी तेव्हा नुकता बी. एस्सी. होऊन इथल्या शाळेत शास्त्र शिकवायला आलो होतो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. काकांची बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली, मूलबाळ नाही. साहेबाच्या अमदानीतलं झाडांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक डेपोच्या अडगळीत पडलं होतं, ते त्यांनी घरी आणलं आणि त्यातली लॅटिन नावं एकट्याने बसून पाठ केली. साग, ऐन, बिवला, रामेठा, सगळ्यांची. आता एकट्याने पाठ करायची म्हटल्यावर उच्चार कुणाला विचारणार? बाराखडीत वाढलेला माणूस जसा वाचील तसे ते वाचत. छापलेलं प्रत्येक अक्षर तोंडातून बाहेर पडलंच पाहिजे. रामेठ्याला कॉलेजात आम्ही ‘निडिया’ म्हणायचो, काका ‘ग्निडिया’ म्हणत. बिवल्याला आम्ही ‘टेरोकार्पस’ म्हणायचो, काका ‘प्टेरोकार्पस’ म्हणत, आणि तो पहिला प असा काही फुटायचा की समोरच्याने चष्मा पुसावा. स्वतःचं आडनाव प वरून, म्हणून तुम्हाला त्याचा कळवळा, असं मी त्यांना चिडवायचो.

“मास्तर, अक्षर काय फुकट आलंय?” ते म्हणायचे. “छापलंय ते गिळायचं नाही.”

एकदा मी त्यांना पेचात धरलं. म्हटलं, “काका, मग आपल्या ‘ज्ञ’चं काय? त्यातला ज कुठे ऐकू येतो?”

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना दारात येऊन उभे राहिले. “ते आपलं घरचं,” म्हणाले. “घरच्या माणसाला आपण कशीही हाक मारतो. परक्याचं नाव मात्र नीट घ्यावं.” आणि माझं उत्तर न ऐकताच डेपोवर गेले.

त्या वर्षी माझे मुंबईचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन कर्नाळ्याच्या जंगलात येणार होते. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली होती, ती देणं त्यांच्या हातात होतं आणि मी त्या जागेवर डोळा ठेवून होतो. जंगल दाखवायला काकांहून जाणता माणूस पनवेलात नव्हता. विचारल्यावर काकांचा चेहरा असा उजळला की मलाच अवघडल्यासारखं झालं.

“इतक्या वर्षांत ही नावं माझ्याशी बोलणारं कोणी भेटलं नाही हो, मास्तर,” ते म्हणाले. “तुम्ही आहात, पण तुम्ही थट्टा करता.”

त्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालून आले. चढण लागली तशी वाटेत एक भला मोठा बिवला आला. काकांनी त्याच्या खोडावर हात ठेवला, ओठ मिटले आणि म्हणाले, “प्टेरोकार्पस मार्सुपिउम.”

पोरं फिस्सकन हसली. सर हसले नाहीत, पण म्हणाले, “टेरोकार्पस म्हणायचंय का तुम्हाला?”

काकांनी बोलायला तोंड उघडलं. आता हे वाद घालणार आणि माझी जागा जाणार, या भीतीने मी मध्येच तोंड घातलं. “काका, चुकताय तुम्ही. तो प उच्चारत नाहीत. जरा सरांकडून शिकून घ्या.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खोडावरचा हात काढून घेतला. “असेल,” म्हणाले. “आमच्याकडे बिवला म्हणतात.”

पुढे दिवसभर त्यांनी सगळी झाडं मराठीत दाखवली. मला जागा मिळाली. निघेपर्यंतचे दोन महिने काकांच्या तोंडून एकही लॅटिन नाव ऐकलं नाही. बाजारात ते पेरू मागू लागले. म्हातारा रुसलाय, येईल ताळ्यावर, असं म्हणून मी मुंबईला गेलो.

सात-आठ वर्षांनी आमच्या कॉलेजात एक जर्मन शास्त्रज्ञ व्याख्यानाला आले. फळ्याकडे वळून त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, “प्टेरोकार्पस!” मी आजूबाजूला पाहिलं. कोणी हसलं नाही. आमच्या सरांनी तर मान डोलावली, आणि दुपारच्या चहापर्यंत तेही प उच्चारू लागले होते. ज्याचा देश तसा त्याचा उच्चार, चूक कोणाचीच नसते, असं वर मलाच समजावून सांगितलं.

रविवारी मी एस.टी.ने पनवेल गाठलं. काका आता निवृत्त झाले होते. सुपात तांदूळ घेऊन निवडत बसले होते.

“काका, तुमचा प बरोबर होता,” मी उभ्याउभ्याच म्हणालो.

“माहीत होतं मला,” काका म्हणाले. “कर्नाळ्याच्या आधीच उरणच्या ख्रिस्ती देवळातल्या पाद्रीबाबांना विचारून आलो होतो. तिथल्या मोरा बंदरावर कामासाठी गेलो होतो तेव्हा. त्यांची प्रार्थनाच लॅटिनमध्ये. ते म्हणाले, सगळी अक्षरं म्हणायची.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीत?”

“तुमची नोकरी व्हायची होती ना.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “मी बोललो असतो तर तुमचे सर खोटे पडले असते, नाहीतर तुम्ही. दोन्हीत नुकसान तुमचंच.”

मी सुपाजवळ बसलो. “पण नंतर? नंतर का सोडलंत?”

“प सोडून म्हणवेना. आणि प लावून म्हटलं असतं, ते भिंतीपलीकडे तुम्हाला ऐकू गेलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं की म्हातारा टोमणे मारतोय.”

मला माझी लाज वाटली. मी त्यांना म्हटलं, आता म्हणा, काका. बिवल्याचं म्हणा, रामेठ्याचं म्हणा, कुठलंही म्हणा. मी ऐकायलाच आलोय.

काकांनी ओठ मिटले. मग मान हलवून म्हणाले, “नाही येत हो आता. कुणाशी बोललं नाही की जातात.”

आठवेल एखादं, म्हणून मी शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहिलो. काका पुष्कळ बोलले. नळाच्या पाण्याबद्दल, गुडघ्याबद्दल, नुकत्याच शाळेत घातलेल्या माझ्या मुलाबद्दल. झाडाचं नाव एकही आलं नाही.