दोन साक्षीदारांची भाकरी

निरोप समारंभात पाहुणे म्हणाले, "सर अत्यंत मनमिळाऊ होते," की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "पुरावा?"

हा आवाज आमच्या ताडकळसच्या शाळेचे कारकून मन्मथअप्पा यांचा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात जुन्या लग्नपत्रिकांचे कापलेले तुकडे. तुकड्याच्या कोऱ्या बाजूवर ते भाषणाचा एक मुद्दा लिहीत. मुद्द्याखाली एक प्रसंग, त्याखाली दोन साक्षीदारांची नावं. याद्या मीही करते. किराण्याची, परीक्षेची, आहेराची. पण माझी यादी कधी कुणाच्या घरी चौकशीला गेली नाही.

शाळेत निरोपाचं मुख्य भाषण अप्पांचंच असे. गणिताचे गुरुजी निवृत्त झाले तेव्हा 'वक्तशीर' या मुद्द्यासाठी त्यांनी हजेरीपट उघडलाच नाही. थेट बसथांब्यावरच्या हॉटेलात गेले. हॉटेलवाला म्हणाला, "गुरुजी दिसले की मी दुधाचं पातेलं चढवतो. घड्याळ कशाला पाहू?" भाषणात हे वाक्य आलं आणि गुरुजींनी चष्मा काढून पुसला. 'कधी रागावले नाहीत' या मुद्द्याला मात्र मार खाल्लेले चार जण निघाले. अप्पांनी तुकडा फेकला नाही, दुरुस्त केला : 'मारल्यावर पाणी पाजत.'

मग मांडणी. टेबलावर तुकडे पसरून तासभर हलवाहलव.

"बाई, ओलं लाकूड मधी घालायचं, म्हंजे दोहीकडच्या वाळल्यानं पेटतंय. आन् थोरला मुद्दा शेवटी. वरातीत नवरदेव सगळ्यायच्या पुढं चालतो का?"

यंदा अप्पाच निवृत्त व्हायचे होते. भाषण माझ्याकडे आलं. मी वही उघडून लिहिलं : एक, मनमिळाऊ. दोन, कष्टाळू. आणि थांबले. एवढी वर्षं शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला मी 'मनमिळाऊ' म्हणून निरोप देणार होते, आणि पुरावा एकही नव्हता.

चौकशीला निघाले. शिक्षक, हॉटेलवाला, माजी विद्यार्थी, सगळ्यांचं उत्तर एकच. "अप्पा आले, दोन तास बसले, आमचंच विचारून गेले." सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी वारल्या, यापुढे कुणाला काही ठाऊक नव्हतं. ते चहात साखर घेतात की नाही, हेही नाही.

शेवटी त्यांनाच गाठलं. "अप्पा, तुमचा एक मुद्दा सांगा."

ते टाचण्यांची डबी आवरायला लागले. मग म्हणाले, "माझी भाकर फुगती."

"म्हणजे?"

"मंडळी गेल्यावर शिकलो. पयल्या साली कडा फाटायच्या. आता टम्म फुगती."

"साक्षीदार?"

"न्हाई कोणी. खाणारा मी एकटाच. आन् सवताची साक्ष चालत न्हाई."

"मग रविवारी मी आणि आमचे हे येतो."

"एकाच घरचे दोघं म्हंजे साक्षीदार एकच, बाई."

नियम तो नियम. ह्यांना घरी ठेवून मी शाळेच्या शिपायाला, रसूलभाईंना घेऊन गेले.

रसूलभाई दारातूनच म्हणाले, "अप्पा, दावत हाय का पंचनामा?"

"आधी हात धुवा."

अप्पांनी तीन ताटं मांडली. स्टीलची, कोरी, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. ते नखानं ती खरवडायला लागले, पण निघेना. "सा वर्सं झाली घेऊन," ते म्हणाले. "लोक येतील म्हणून घेतली हुती."

आम्ही दोघांनी एकदमच ताटाकडे पाहिलं.

भाकरी थापली, तव्यावर पडली, जाळावर आली आणि खरोखर टम्म फुगली. रसूलभाईंनी ठेच्याला लावून पहिला घास घेतला आणि म्हणाले, "कबूल!" मी पत्रिकेचा तुकडा काढला. मुद्दा, प्रसंग, खाली दोन नावं. हा शेवटी ठेवायचा, हे ठरलं.

"झालं अप्पा. मुद्दा सिद्ध."

अप्पांनी परातीत आणखी पीठ ओतलं.

"एका भाकरीवर कुठं सिद्ध होतंय, बाई?" ते म्हणाले. "बसा. अजून लय पीठ हाय."