शेवाळे साहेबांची निवडपद्धत

गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या सोसायटीला वॉचमन हवा होता. दोन उमेदवार आले. एक बी.कॉम. झालेला, दुसरा दहावी नापास. शेवाळे साहेबांनी दोघांना पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून वेगवेगळी मुलाखत घेतली आणि दहावी नापास उमेदवाराची निवड केली. समितीने कारण विचारलं.

"पदवीवाला हुशार आहे," साहेब म्हणाले. "टिकणार नाही."

शेवाळे साहेब नाशिकच्या पाथर्डी फाट्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे सटाण्याकडचे. अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते पर्सोनेल मॅनेजर होते आणि तिथूनच निवृत्त झाले. त्यांना 'एचआर' म्हटलेलं चालत नाही. "मी माणसं भरत होतो. रिसोर्स गोदामात भरतात."

नोकरीभर त्यांनी प्रत्येक उमेदवाराबद्दल एकच प्रश्न विचारला, टिकणार का? निवृत्तीनंतर उमेदवार संपले, प्रश्न राहिला. भाजीवाल्याच्या टोमॅटोला तो लागू आहे, मिक्सरला आहे, नव्या नगरसेवकाला आहे. मी इथे भाड्याने राहायला आलो त्या दिवशी माझी गादी जिन्यात अडकली होती. साहेब वरून उतरले, गादीचं दुसरं टोक धरलं आणि मला तोच प्रश्न विचारला. एका रिसेप्शनला त्यांनी नवरदेवाचा हात हातात घेऊन स्टेजवर काहीतरी विचारलं. काय विचारलं ते कळलं नाही. नवरदेव पहिल्या मजल्यावर राहतो आणि त्यांच्याशी बोलत नाही.

नामांकित संस्थांच्या पदव्यांबद्दल त्यांचं मत ठाम आहे. ते द्वेषातून आलेलं नाही. अशा संस्थांतून आलेली मुलं हुशार असतात, हे ते आधी मान्य करतात. "असतातच हो. म्हणून तर जातात." त्यांच्या निरीक्षणानुसार असा मुलगा नाशिकला रुजू झाला की पहिल्या महिन्यात मिसळ खातो, दुसऱ्या महिन्यात दिंडोरीकडे द्राक्षांचे मळे बघून येतो आणि तिसऱ्या महिन्यात त्याला पुण्याहून फोन येतो. म्हणून अर्ज हातात आला की ते आधी घरचा पत्ता वाचत आणि मग कॉलेज. पत्ता नाशिकचा आणि कॉलेज साधं असेल तर चहा मागवत. कॉलेज फार मोठं असेल तर चहा मागवत नसत.

"मोठ्या पदवीचा करिअरला फायदा होतो की नाही?" मी त्यांना एकदा विचारलं.

"होतो ना. दुसऱ्या गावात होतो."

या पद्धतीने घेतलेली माणसं खरोखर टिकली. त्यांतला एक सोनवणे. साहेबांच्या हाताखाली कारकून म्हणून लागला, शिकला आणि आज त्यांच्याच खुर्चीत बसतो.

साहेबांना एकच मुलगी आहे, अश्विनी. बारावीनंतर तिला देशातल्या पहिल्या काही संस्थांत गणल्या जाणाऱ्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. साहेबांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. प्रत्येक दारात ते एकच वाक्य बोलले, असं जुने रहिवासी सांगतात: "आता ही गेली."

ती गेली. आधी पदवी, मग बंगळुरू. साहेब हे आपला अंदाज बरोबर आल्यासारखं सांगत. दिवाळीला ती चार दिवस येई तेव्हा तिची चाकांची बॅग ते स्वतः जिन्यावरून उचलून आणत आणि पाचव्या दिवशी स्वतःच खाली नेत. दोन वर्षांपूर्वी साहेबांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर साहेब दोन वेळची पोळी-भाजी डब्याची खातात. डबा देणाऱ्या बाईंना त्यांनी पहिल्या दिवशी काय विचारलं, ते सांगायला नको.

या जानेवारीत अश्विनीने नाशिकमध्ये नोकरी शोधायला सुरुवात केली. वडिलांना सांगितलं नाही. अंबडच्या त्याच कारखान्यात डिझाइनची जागा होती, तिने अर्ज केला. शेवाळे आडनावाचे लोक नाशिकमध्ये बरेच आहेत, त्यामुळे सोनवणेच्या लक्षात आलं नाही. त्याने फोनवर पाच मिनिटं बोलून तिला नकार कळवला. त्या रात्री तिने घरी फोन केला आणि हसत हसत सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभे राहिले.

"गाडी काढता का जरा? अंबडला जायचंय."

कारखान्याच्या गेटवरचा माणूस साहेबांनीच भरती केलेला होता. "साहेब, लय दिवसांनी," असं म्हणून त्याने पास न देताच आत सोडलं. सोनवणे खुर्चीतून उठला. साहेब समोरच्या, उमेदवारांच्या खुर्चीवर बसले. मी दाराजवळ बसलो.

"अश्विनी शेवाळेचा अर्ज तू नाकारलास?"

सोनवणेने कॉम्प्युटरवर पाहिलं आणि मग साहेबांकडे. "आपली आशू आहे ही? साहेब, एक शब्द तरी टाकायचा."

"मलाच माहीत नव्हतं. का नाकारलास?"

"कॉलेज बघितलं ना." सोनवणेने आवाज खाली आणला. "साहेब, तुम्हीच शिकवलंय. घरचा पत्ता आधी, मग कॉलेज. हिचा पत्ता बंगळुरूचा आणि कॉलेज असं. फोनवर विचारलं इकडं कशाला येताय, तर म्हणाली, घरी यायचंय. आता हे काय कारण झालं? असं तर सगळेच म्हणतात."

"म्हणतात," साहेबांनी मान्य केलं.

"मग तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दावर घेतो. टिकेल का?"

शेवाळे साहेबांनी नोकरीत कधी कुणासाठी शब्द टाकला नव्हता. आमदाराच्या भाच्यासाठी नाही, सख्ख्या साडूसाठीही नाही. साडू अजून बोलून दाखवतो. ते टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिले. चहा आला. तो कुणी उचलला नाही.

"माहीत नाही," ते म्हणाले. "नाही टिकणार बहुतेक."

"मग?"

"तीन महिने राहिली तरी चालेल मला."

साहेब उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले. "माझ्याकडे बघून घेऊ नकोस. समोर बसव, नीट विचार, आणि नाही वाटलं तर नाही सांग." येताना लेखानगरच्या सिग्नलला ते इतकंच म्हणाले, की सोनवणेचं चुकलं नव्हतं.

गुरुवारी अश्विनी रात्रीच्या बसने आली. शुक्रवारी तिची मुलाखत झाली. सोनवणेने तिला तासभर बसवलं. निर्णय पुढच्या आठवड्यात कळवू, असं सांगितलं.

शनिवारी दुपारी साहेबांच्या घरी वाय-फाय बसवायला माणूस आला. त्याला लागणारी शिडी माझ्याकडे होती, म्हणून मीही वर गेलो. अश्विनी आतल्या खोलीत झोपली होती. साहेबांनी त्याला ड्रिल हळू चालवायला सांगितलं. काम झाल्यावर त्याने विचारलं, प्लॅन महिन्याचा करायचा की वर्षाचा. महिन्याचा करून बघा, नंतर वाढवता येतो, असंही तो म्हणाला.

साहेबांनी वर्षाचा घेतला.