शांताबाईचा कायदा

"शांताबाई, उद्या दोन बाया जास्तीच्या टाका," मी फोनवर म्हणालो.

"टाकाले काय युरिया हाय का भाऊ? नावं सांगते, ध्यानात ठेवा."

आमच्या अमडापूरकडे सोयाबीन सोंगायचं, कापणी उरकायची, तर या मुकादमिणीशिवाय पान हलत नाही. आणि ती आधी शेतमालकाची तोंडी परीक्षा घेते. ऑटोतून उतरणाऱ्या प्रत्येकीला नावानं हाक मारायची. चुकलात, की ती बाई पुन्हा ऑटोत! मी एकदा सासूला सुनेच्या नावानं हाक मारली. दोघीही उतरेनात.

तिचा दुसरा कायदा त्याहून तऱ्हेवाईक. आजारी बाईची पात, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळींची पट्टी, दुसरीनं धरायची नाही. उभीच ठेवायची.

"काऊन पण?"

"तिची हाय म्हणून."

परवा विमल तापानं फणफणली. सगळं रान सोंगून होत आलं, कडेच्या थोड्या पाती उद्यावर राहिलेल्या, मधोमध तिची तेवढी उभी, आणि वर ढग. संध्याकाळी बाया गेल्यावर मी विळा उचलला. थोडं कापलं, बरंचसं उपटलं, कंबर धरून घरी आलो. आडव्या पडलेल्या पातीचा फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकला: 'मालकही राबतो!'

सकाळी विमल आली. डोक्याला रुमाल, चेहरा उतरलेला. आपल्या पातीपाशी थांबली. डबा उचलून रस्त्याकडे निघाली.

"अवं विमल, तुझंच काम हलकं केलं मी!"

"हलकं नाई केलं भाऊ," शांताबाई म्हणाली. "तिच्याबिना भागते, हे दाखोलं तिले."

मग आवाज खाली आला. "माह्यं लेकरू पोटातच गेलं, तवा मीबी अशीच आली होती कामावर. माह्या पातीत दुसरीच बसेल होती. मुकादम मलेच इचारते, तू कोन वं?"

एवढं बोलून ती विमलमागं धावली. हाताला धरून तिला परत आणलं, स्वतःच्या पातीला लावलं आणि आपण जाऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसली. रिकाम्या हातांनी बसलेली शांताबाई मी प्रथमच पाहत होतो.

मी पाणी घेऊन गेलो. तिनं ते घेतलं नाही. सरकून शेजारी जागा मात्र केली.

"बसा भाऊ."

मला बसवेना.