मताचा विमा

प्राग क्रीकची शाळा वाचावी, याबद्दल गावात दुमत नव्हतं. वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, कारण पुढे ते गावाच्या लक्षात राहिलं नाही.

शंभराहून कमी मुलांच्या शाळा बंद करण्याचं विधेयक आयोवाच्या विधानसभेत एका मतावर अडलं होतं. आमच्या शाळेत मुलं एकसष्ट. अडलेलं मत आमच्या पंचक्रोशीच्या आमदाराचं, आणि त्याच जागेची निवडणूक लागली. विधेयकाच्या विरोधात डोरीन वावरा उभी राहिली. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. निम्म्या मतदारांना तिने कधी ना कधी ‘खाली बस’ म्हणून दटावलेलं. विधेयकाच्या बाजूने बियाणेविक्रेता केंट ओल्टमन्स. डोरीन निवडून येणार, हे ओल्टमन्सलाही मान्य होतं.

एवढ्यात निकालाचा वायदेबाजार आला. फोनवर उमेदवाराचा शेअर घ्यायचा. तो जिंकला तर शेअरमागे एक डॉलर, पडला तर शून्य. डोरीनचा भाव चौसष्ट सेंट, ओल्टमन्सचा छत्तीस.

दुसऱ्या गावाने यावर जुगार खेळला असता. आम्ही मक्याची माणसं. मका गुडघ्याएवढा असतानाच तो वायद्याने विकून टाकतो, म्हणजे पुढे भाव कोसळला तरी झोप लागते. जुगार आम्हाला वर्ज्य. विमा मात्र आम्ही धर्मकर्तव्य म्हणून उतरवतो.

धान्यगोदामात सकाळी कॉफीला सगळे जमतात. तिथे गोदामाचा व्यवस्थापक लाव्हर्न सेडलाचेक याने तत्त्व मांडलं.

“डोरीन आली तर प्रश्नच मिटला. पण समजा पडली? पोरांना बावीस मैलांवर न्यायचं, तर पेट्रोलला पैसे कोण देणार? म्हणून मी ओल्टमन्सचे दोनशे शेअर घेऊन ठेवलेत.”

“म्हणजे तू त्याच्या बाजूने?” मी विचारलं.

“छे रे. गारपिटीचा विमा काढणारा काय गारांच्या बाजूने असतो?”

तत्त्व गावाला पटलं. डोरीनच्या प्रत्येक समर्थकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे ओल्टमन्स घेतला. त्याचा भाव एकाहत्तरवर गेला. वर्तमानपत्राने ‘ओल्टमन्स यांची जोरदार मुसंडी’ असा मथळा दिला. त्या आठवड्यात ओल्टमन्स मुतखड्यासाठी इस्पितळात पडून होता. मथळा वाचून गाव घाबरलं, आणि घाबरलेला माणूस विमा वाढवतो. चर्चच्या बायकांनी डोरीनच्या प्रचारासाठी खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे चेक पद्धतीचे गोड पाव, भाजून विकले आणि आलेली रक्कम सुरक्षित राहावी म्हणून ओल्टमन्समध्ये गुंतवली. भाव सत्त्याण्णव झाला. मी स्वभावाने संथ; मी तेव्हा घेतले. शंभरच.

डोरीनचा शेअर आता तीन सेंटांना मिळत होता. ओल्टमन्सही शेवटी मक्याचाच माणूस. पडलो तर हंगामभर दुकान सोडून फिरलो त्याचं काय, या विचाराने त्याने डोरीनचे दहा हजार शेअर घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून दारोदार फिरून तिचा प्रचार सुरू केला.

“केंट, माझ्यासाठी मतं का मागतोयस रे?” डोरीनने त्याला रस्त्यात गाठलं.

“माझा विश्वास आहे तुझ्यावर, डोरीन,” तो गहिवरून म्हणाला. “दहा हजारांचा.”

ती तशीच गोदामात आली. “खरं सांगा. मत मलाच देणार ना?”

“दिलं असतं गं,” लाव्हर्न म्हणाला. “पण तू आलीस तर विमा बुडतो. आणि तू काही येत नाहीस.”

“कशावरून?”

“भाव सांगतोय.”

“भाव कोण चढवतंय?”

“बाजार.”

“आणि बाजार म्हणजे कोण रे लाव्हर्न?”

लाव्हर्नने तिच्या कपात कॉफी ओतली. “साखर किती घालू?”

निकाल लागला. ओल्टमन्स अकरा हजार चारशे बारा, डोरीन दोन. बाजाराचा अंदाज किती अचूक होता, यावर विद्यापीठात परिसंवाद झाला.

डोरीनने एक मत स्वतःचं धरलं आणि दुसऱ्यासाठी नवऱ्याला, मायलोला, घाणाभर कोलाचे करून घातले. “माझं एक तरी माणूस आहे,” म्हणाली. मायलोने मुकाट्याने सहा खाल्ले.

दुसऱ्या सकाळी गोदामात नवनिर्वाचित आमदार हळहळत होते. “मी स्वतः डोरीनला मत दिलं हो. फुकट गेलं.”

डोरीनने मान वळवून मायलोकडे पाहिलं. मायलोने कप खाली ठेवला.

“अगं, घरात मतं दोन,” तो म्हणाला. “दोन्ही एकाच टोपलीत कशी टाकायची?”

विधेयक एका मताने मंजूर झालं. शाळेला जूनमध्ये कुलूप लागलं. विमा मात्र चोख मिळाला. माझ्या वाट्याला नफ्याचे तीन डॉलर आले.

आता डोरीन बावीस मैलांची बस चालवते. परवा मी टपालपेटीपाशी उभा होतो, तर तिने बस थांबवली.

“तू तरी दिलं होतंस का रे?”

“मनात होतं गं,” मी म्हणालो. “पण तू पडणार होतीस. मत वाया कशाला घालवायचं?”

तिने दार लावून घेतलं. आतली एकसष्ट पोरं काचेतून माझ्याकडे बघत गेली.

तुम्हाला हसू येत असेल, तर हसा. फक्त मागच्या खेपेला मतदानाला निघताना ‘आपल्याकडे येतंय कोण?’ असं तुम्ही कुणाला विचारलं होतं, तेवढं आठवून ठेवा.