फणसाखाली उतरायचं न्हाय

ज्ञानूतात्या माणसाला आधी हुंगायचे आणि मग रामराम घालायचे.

आमच्या अभयारण्याच्या गेटवर ते वनरक्षक होते. पर्यटकांची जीप येऊन थांबली की तात्या हात पाठीमागे बांधून, नाक वर करून तिच्याभोवती एक फेरी मारत. अत्तर, सेंट, वासाचं तेल, काहीही सापडलं की बोट त्या माणसावर. ‘‘पावणं, तुमी उतरा. मान धुवून या.’’ कोल्हापूरच्या एका बड्या असामीला त्यांनी नळावर तीनदा मान धुवायला लावली. तो तापला. ‘‘मी कोण हाय ठावं हाय का?’’ तात्या म्हणाले, ‘‘मला ठावं असून काय उपेग? गव्याला ठावं पायजे की.’’

मी सलीम. बी.ए. झालो, नोकरी लागली नाही, म्हणून गेली बारा वर्षं ह्या गेटवर जीप चालवतोय. त्यातली अकरा वर्षं तात्यांच्या हाताखाली गेली असं म्हणायला हरकत नाही. ते खात्याचे नोकर आणि मी खाजगी जीपवाला, पण हा फरक त्यांना कधी मान्यच नव्हता.

गेटवर नियमांची एक मोठी पाटी होती. ती सगळ्यांना दिसायची, तरी तात्या ती प्रत्येक जीपला तोंडपाठ म्हणून दाखवत. गाडी थांबवायची नाही. खाली उतरायचं नाही. गाणी लावायची नाहीत. लाल-पिवळे कपडे नकोत. आतून पान तोडायचं नाही, आत कागद टाकायचा नाही. शेवटी, पाटीवर नसलेलं त्यांचं स्वतःचं वाक्य यायचं, ‘‘आत गेलं ते समदं भाईर आलं पायजे.’’ हे म्हणताना आवाज जरा खाली यायचा. आम्ही ड्रायव्हर मागं उभे राहून त्यांच्याबरोबर ओठ हलवायचो.

आणि ते नुसतं म्हणणं नव्हतं. वहीत लिहून ठेवायचे. बाटल्या चार, बिस्किटपुडे दोन, गोळ्या पाच. परत येताना रिकामी वेष्टनं मोजून द्यायची. एकदा गडहिंग्लजच्या एका प्राध्यापकांच्या गाडीतला एका गोळीचा कागद कमी भरला. अर्धा तास सगळी जीप उन्हात उभी. प्राध्यापक संतापून इंग्रजी बोलायला लागले. शेवटी कागद त्यांच्याच चष्म्याच्या घरात सापडला, तेव्हा तात्यांनी वहीत बरोबरची खूण केली आणि त्यांना प्यायला पाणी दिलं.

इचलकरंजीची एक जोडी लग्नाआधीचे फोटो काढायला आली होती. नवरीचा लालभडक घोळदार झगा, दोन फोटोवाले, वर उडवायचं यंत्र आणि रंगीत धुराच्या नळकांड्या. तात्यांनी सगळं शांतपणे बघून घेतलं. ‘‘धंद्याच्या फोटूला वरनं परवानगी लागती. हाय का?’’ नव्हती. नवरी रडायला लागली. तात्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी स्वतः खुर्ची आणून नियमांच्या पाटीखाली टाकली आणि म्हणाले, ‘‘हितं बस बाळ. हितं काढलेला चालतोय.’’ त्या दोघांच्या अल्बममध्ये तो फोटो आहे की नाही, कोण जाणे.

हा माणूस गेटबाहेरही तसाच. माझ्या बहिणीच्या लग्नात जेवून झाल्यावर तात्या मांडवाच्या दारात उभे राहिले आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात रिकामा प्लॅस्टिकचा ग्लास आहे का बघायला लागले. नवऱ्याकडच्या लोकांना वाटलं, आम्ही चोरीचा संशय घेतोय. वरातीत भांडण व्हायचं ते थोडक्यात टळलं. माझ्या आईनं त्यानंतर महिनाभर त्यांचं नाव काढू दिलं नाही.

घरीही तीच तऱ्हा असावी, असा आमचा समज होता, कारण त्यांची बायको, इंदूकाकी. गेट पाचला बंद व्हायचं आणि पाच वाजून पाच मिनिटांनी काकींचा फोन यायचा. रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ, म्हणून तात्या तिथं जाऊन उभे राहायचे. आम्हाला सगळं ऐकू यायचं. काकी रोज एकच विचारायच्या. फणसाखाली कोण उतरलं का?

हा फणस म्हणजे आत चार मैलांवर, एका मोकळ्या माळाच्या कडेला. पूर्वी तिथं गाव होतं. अभयारण्य झालं तेव्हा उठवलं. शेतांवर आता गवत माजतं आणि गवे चरायला तिथंच येतात. फणसाची सावली, खाली चार-पाच सपाट दगड बसायला आयतेच मांडलेले, समोर गवे. पर्यटकाला आणखी काय पाहिजे? पण तात्यांचा सगळ्यात जास्त राग त्याच जागेवर होता. दुसरीकडं कुणी उतरलं तर दम देऊन सोडायचे. फणसाखाली उतरलेलं कळलं की जीप बंद.

आणि बायकोला ते खरं सांगायचे. ‘‘व्हय, उतरली दोगं. जीप बंद केली आठ दिस.’’ मग फोन झाल्यावरही हे टाकीला टेकून उभे. आम्ही हसायचो. नवराबायको दोघंही पाटी गिळून बसलीयत, म्हणायचो. एकदा मी म्हटलंसुद्धा, ‘‘तात्या, काकींस्नी न्हाय म्हणून सांगायचं की. त्या काय बघायला येत्यात?’’ तर माझ्याकडं असे बघितले, की मी जीप पुसायला लागलो.

ती आठ दिवस बंद झालेली जीप माझीच होती. पाहुण्यांनी हट्ट धरला, मी थांबवली. दगडांवर माझीच चादर अंथरून दिली आणि त्यांना शिरा-पुरी खाऊ घातली. आठ दिवस घरी बसून मी तात्यांना काय काय बोललो, ते इथं लिहिता येणार नाही. माझ्या पोटावर पाय आणून ह्या म्हाताऱ्याला काय मिळतं, असं मला खरंच वाटायचं.

मागच्या वर्षी तात्या निवृत्त झाले. हार, नारळ, फेटा. भाषणात त्यांनी पाटीच म्हणून दाखवली. त्यांच्या जागी आलेला माणूस बरा आहे. हुंगत नाही, मोजत नाही, मोबाईलमधून मान वर काढत नाही. महिन्याभरात सगळ्या जीपा फणसाखाली थांबायला लागल्या. माझीही. पाहुणे खूश, आम्ही खूश.

पाच महिन्यांनी एका दुपारी तात्या गेटवर आले. धुतलेला सदरा, टोपी, हातात पिशवी. खिडकीवर रांगेत उभे राहून तिकीट काढलं. नवा माणूस म्हणाला, ‘‘तात्या, तुमाला कशाला तिकीट?’’ ‘‘आता मी भाईरचा हाय,’’ तात्या म्हणाले, आणि पिशवी उघडून त्याच्यासमोर धरली. त्यानं बघितलंही नाही. तात्या तरीही थोडा वेळ ती तशीच धरून उभे होते.

जीपांच्या रांगेत नंबर माझा होता. माझ्या जीपमध्ये जयसिंगपूरचे पाचजण होते, तात्या सहावे. फणसापाशी आल्यावर सवयीनं माझा पाय ब्रेकवर गेला. पाचहीजण उतरले, दगडांवर बसले आणि भडंगाची पुडकी फोडली. मीही उतरलो. तात्या जीपमध्येच.

‘‘या की खाली,’’ मी म्हटलं. ‘‘आता तुमाला कोण जाब इचारतोय?’’

‘‘उतरायचं न्हाय, सलीम.’’

मी हसलो. मग त्यांचे हात दिसले. जीपचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला होता आणि बोटं पांढरी पडली होती.

‘‘त्यास्नी त्या दगडांवरनं उठीव,’’ ते हळू म्हणाले. ‘‘खाली माझी पोरगी हाय.’’

ते सांगत होते, कुणाच्या तरी शेताची हद्द सांगावी तसे. शालू. चार वर्षांची. पावसाळ्यात ताप आला, ओढ्याला पाणी, दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही. लहान मूल, म्हणून पुरली. जनावरांनी उकरू नये म्हणून वर दगड ठेवले, उशाला फणसाचं रोप लावलं. दोन वर्षांनी गाव उठलं. ‘‘लोकांनी दारं नेली, वासं नेलं, वाजतगाजत देवबी नेला. पोरगी कशी न्यायची? म्हणून मी हितंच नोकरी धरली. तुजी काकी तवापास्नं आत आली न्हाय. म्हणती, न उतरता बघायला मी काय सहलीला आलीया?’’

आमच्यात कबरीवरून कुणी पाय टाकत नाही. मी तिच्यावर चादर अंथरून लोकांना जेवू घातलं होतं. त्या क्षणी मला माझी इतकी शरम वाटली, की तात्यांनी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

मी पाहुण्यांना उठवलं. कारण सांगितलं, तेव्हा एकानं चपला हातात घेतल्या आणि जीपपर्यंत तसाच अनवाणी गेला. दगडांच्या फटीत भडंग सांडलं होतं. मी गुडघ्यावर बसून ते वेचायला लागलो, एकेक दाणा. तात्या वरून बघत होते. ‘‘त्यो डाव्या अंगाला एक शेंगदाणा ऱ्हायलाय,’’ एवढंच म्हणाले.

गेटवर आलो तेव्हा पाच वाजले होते. कुणी काही मोजलं नाही. तात्या उतरले आणि सरळ टाकीकडं गेले. पाच मिनिटांनी फोन वाजला. बायकोला काय सांगणार हा माणूस, असं मला झालं. आता बंद करायला त्यांच्या हातात कुणाची जीपही नव्हती. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

पलीकडून नेहमीचाच प्रश्न आला. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एक खोटा शब्द ऐकला नव्हता.

‘‘न्हाय गं,’’ ते म्हणाले. ‘‘कुणीबी उतरलं न्हाय. लई गवत आलंय. फणसाला फळं धरल्याती.’’

फोन खिशात ठेवून ते एस.टी.च्या थांब्याकडं चालायला लागले. वेचलेलं भडंग अजून माझ्या मुठीतच होतं.