क्युबाच्या चाळीस भाकरी

"क्युबा? अहो, क्युबा मी तुम्हाला चाळीस भाकरीत समजावून देतो," असं मल्लिनाथ सरांनी कट्ट्यावर जाहीर केलं, तेव्हाच त्यांना कुणीतरी आवरायला हवं होतं. पण आवरणार कोण? आवरणाऱ्या बायकोला, श्रीदेवीबाईंना, जाऊन तीन वर्षं झाली होती आणि मुलगा अमृत कॅनडात. तिकडनं दर महिन्याला पैसे तेवढे यायचे.

बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकानं भाषण करायचं, असा रिवाज. मागच्या खेपेला डॉक्टर आदिनाथ गुडघेदुखीवर बोलले, तर सगळे आपापले गुडघेच उघडे करून बसले. या वेळी पाळी सरांची. तीस वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलेला माणूस. विषय घेतला क्युबातल्या माणसांची कमाई, कारण क्युबाबद्दल सोलापुरात उलट बोलायला कुणी उठत नाही. पण सरांच्या मनातला बेत वेगळाच होता. भाषण संपलं की म्हणायचं, "चला, आता या भाकरी माझ्या घरी चहात बुडवून खाऊ." तीन वर्षांत त्यांच्या घरात सिलिंडरवाल्याशिवाय कुणी आत आलेलं नव्हतं. सकाळीच त्यांनी कपाटावरचे बारा कप काढले, धुतले, पुसले. एकाचा कान तुटका निघाला, तो स्वतःला ठेवला.

गल्लीत भाकरी करून विकणाऱ्या कमलम्मांनी चाळीस कडक भाकरी फडक्यात बांधून दिल्या. "फडकं तेवढं परत द्या बरं का सर," त्या म्हणाल्या. आणि पाच वाजता क्युबा सुरू झाला.

"हे सगळं क्युबाचं उत्पन्न," सर भाकरींच्या चळतीवर हात ठेवून म्हणाले. "तिथं बहुतेकांना सरकारी पगार. डॉक्टर असो, मास्तर असो, तुटपुंजाच. वर रेशन. म्हणून तुम्हा नऊ जणांना एकेक भाकरी, आणि मलाही एकच."

डॉक्टर आदिनाथांनी आपली भाकरी उलटीपालटी करून पाहिली. तेवढ्यात सरांनी कट्ट्याच्या टोकाला बसलेल्या बिरुदेवच्या मांडीवर आठ भाकरी ठेवल्या. बिरुदेव रिक्षावाला. शिवबाईंना आणून सोडायचा आणि परत न्यायचं म्हणून तिथंच टेकायचा. त्यानं लगेच एक मोडून तोंडात टाकली.

"याला आठ?" डॉक्टर म्हणाले. "मी चाळीस वर्षं सुया टोचल्या, मला एक, आणि हा हॉर्न वाजवतो त्याला आठ?"

"तिथं तसंच आहे डॉक्टर. टॅक्सीवाल्याला पर्यटकांचे डॉलर मिळतात."

"मग मी काय क्युबात दवाखाना घातला होता का?"

"डॉक्टर, तुमी माझ्यातली घ्या की एक," बिरुदेव म्हणाला. तो बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, पण डॉक्टरांनी छत्री उचलून मांडीवर आडवी घेतली. ही त्यांची रुसायची खूण, सगळा कट्टा ओळखून होता.

सरांनी घाईघाईनं पुढचा मुद्दा काढला. "आणि सर्वांत सुखी कोण? ज्याचं माणूस परदेशात आहे आणि तिथनं पैसे पाठवतं तो. या बावीस भाकरी गुरुबसप्पांना. त्यांची मुलगी दुबईत."

"दुबईत होती," गुरुबसप्पा म्हणाले. "दिवाळीत कायमची आली की सगळी. वरच्या मजल्यावर राहतात. नातवानं काल टीव्ही फोडला." हे सांगताना गडी इतका खूश होता की सरांनी पुढं केलेल्या भाकरी मागं घेतल्या.

"मग आणखी कुणाचं कोण बाहेर आहे?" त्यांनी विचारलं. एकीनं पुण्याचं नाव घेतलं, ते धरलं गेलं नाही. बाकी सगळ्यांची माणसं इथंच.

शिवबाईंनी चष्मा सारखा केला. "सर, तुमचा अमृत कॅनडाला हाय न्हवं? मंग ह्या बावीस तुमच्याच की. आमच्यात तुमीच लई श्रीमंत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बावीस भाकरी सरांच्या पुढ्यात आल्या. डॉक्टरांनी आपली एक त्यावर आदळली. "गरिबाकडनं एवढी घ्या." मग बाकीच्यांनीही एकेक आणून ठेवली. ते काही रागानं नव्हतं. निम्म्यांचे दात कवळीचे, कडक भाकरी चावणार कशानं? बिरुदेवनंही लाजून सात परत केल्या.

"अहो, चहात बुडवली की मऊ होते. माझ्या घरी..." सर म्हणाले, तोच एकाचा फोन वाजला. सुनेचा. मग दुसऱ्याचा, लेकीचा. गुरुबसप्पांना न्यायला नातू फाटकाशी येऊन उभा राहिला होता. शिवबाई रिक्षात बसल्या. पाच मिनिटांत क्युबा रिकामा झाला. सरांना न्यायला कुणी यायचं नव्हतं, आणि त्यांचा फोन वाजला तो फक्त एकदा टिंग करून. अमृतचे पैसे जमा झाले होते.

एकोणचाळीस भाकरी घेऊन सर घरी आले. कानतुटक्या कपात चहा केला, एक भाकरी बुडवली. फार एकटं वाटलं. मग त्यांना फडकं दिसलं. ते धुतलं, वाळवलं, आणि कपाटात थेट तळाला, श्रीदेवीबाईंच्या साड्यांखाली ठेवलं. कमलम्मा मागायला येतीलच की. शोधायला अर्धा तास तरी लागेल, तोवर चहा होईल.

दुसऱ्या दिवशी सर दोन कप मांडून बसले. अकराला कमलम्मा आल्या, पण फाटकातच थांबल्या.

"सर, ते फडकं राहू द्या तुमच्याकडंच. माझ्याकडं ढीगभर हायत."

सर उठून दारापर्यंत गेले. "बरं," म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "कमलम्मा, आणखी चाळीस भाकरी लागतील."

"आणि कालच्या?"

"संपल्या," सर धडधडीत खोटं बोलले. "आणि हे बघा, फडक्यात नको. तुमच्या स्टीलच्या डब्यात घालून आणा. झाकणाच्या."